खुर्ची मिळाली, राखण कोण करणार?



नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावकडे निघालं की वाटेत चांदवड लागतं. आपल्यापैकी कोणी तिथे रेणुकामातेच्या दर्शनाला गेल्या असतील, कोणी कांदा घेऊन बाजार समितीत. पण राजकारण स्वच्छ कसं राहील, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात बायांनी कधी आणि कुठे विचारला याचा माग काढला, तर तोही याच गावात येऊन थांबतो. म्हणून आजच्या गप्पा आम्ही चांदवडपासून सुरू करतोय.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. निवडणूक जवळ आली की आपल्या गटांचा भाव एकदम वधारतो. एरवी ज्यांना गटाचं नाव आठवत नाही, ते बैठकीचा वार विचारायला लागतात. हळदीकुंकवाला वाण येतं, त्यावर कोणाचा तरी फोटो असतो. साड्या येतात, कुकर येतात, देवदर्शनाच्या बसगाड्या येतात. आमच्या भागातल्या एका गावात तर उमेदवाराच्या माणसांनी गटाच्या अध्यक्षांकडे सभासदांची यादी मागून घेतली आणि खाली बेरीज मारली: इतकी मतं. त्या गटाची पुढे दोन महिने बैठक झाली नाही. कोणी भेट घेतली, कोणी परत केली, यावरून शेजारणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दहा-दहा रुपये साठवत वर्षानुवर्षे बांधलेला विश्वास एका कुकरपायी गेला.

तेव्हापासून आमच्या काही गावांतल्या ताई एकत्र बसून एक विचार करताहेत. प्रत्येक गावात बायांचं एक लहानसं स्वयंसेवक मंडळ असावं. ते कोणत्या पक्षाचं नसावं, त्याने स्वतः निवडणूक लढवू नये, पण जे निवडून येतील त्यांच्या कारभारावर लक्ष ठेवावं. उभ्या पिकाची आपण जशी राखण करतो, तशी सार्वजनिक कामाची राखण. हे ऐकून कोणी म्हणतं, बायांना हे नवीन खूळ कुठून सुचलं? तर हे खूळ नाही आणि नवीनही नाही. याला इतिहास आहे. त्यात काय टिकलं आणि काय विरून गेलं, ते बघितलं तर पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं.

चांदवडमध्ये होळकरांचा जुना वाडा आहे. लोक त्याला रंगमहाल म्हणतात आणि अहिल्याबाईंचं नाव घेतात. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. १७६७ पासून १७९५ साली त्या वारल्या तोपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, त्यांनी होळकरांचा कारभार पाहिला. काशीपासून रामेश्वरपर्यंत त्यांनी घाट बांधले, देवळं बांधली, धर्मशाळा उभारल्या हे आपण शाळेत शिकलो. शाळेत फारसं न शिकवलेली गोष्ट अशी की होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. दौलत म्हणजे राज्याचा पैसा. खासगी म्हणजे घरातल्या स्त्रियांच्या नावे लावून दिलेलं उत्पन्न. अहिल्याबाईंनी दानधर्माची कामं या खासगीतून केली. राज्याच्या तिजोरीतून पुण्य मिळवलं नाही. स्वतःच्या पैशाने देऊळ बांधणं आणि लोकांच्या पैशाने बांधून त्यावर स्वतःचं नाव कोरणं, यातला फरक त्यांना अडीचशे वर्षांपूर्वी कळला होता.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. अहिल्याबाई गेल्या आणि काही वर्षांत त्या राज्याची घडी विस्कटली. चांगुलपणा एका माणसात होता, तो त्या माणसाबरोबर गेला. आपण आजही 'एखादी अहिल्याबाई यावी' असं म्हणत वाट बघतो. अशी बाई आली तर आनंदच आहे. पण नशिबाने चांगला राज्यकर्ता मिळणं वेगळं आणि राज्यकर्ता कोणीही असला तरी त्याला नीट वागायला लावणं वेगळं. दुसरं काम एकटीचं नाही, त्याला समूह लागतो.

तो समूह चांदवडला जमला १९८६ साली.

त्याची पार्श्वभूमी अशी. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून पुण्याजवळ चाकणला शेती करायला आले आणि शेतकऱ्याला घामाचं दाम मिळावं म्हणून शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी कांदा आणि उसाच्या भावासाठी हाच महामार्ग अडवला होता. आंदोलनं वाढत गेली तशा बायाही रस्त्यावर उतरल्या. पण सभेत बोलणारे पुरुष आणि मागे बसणाऱ्या बाया, हे काही बदललं नव्हतं. शेतातलं निम्म्याहून जास्त काम बायांचं, सातबाऱ्यावर मात्र त्यांचं नाव नाही. या साऱ्यावर गावोगावी बोलणं झालं आणि ९ व १० नोव्हेंबर १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. लाखाहून जास्त बाया आल्या होत्या, असं त्या वेळचे जाणकार लिहितात. आपल्यातल्या साठी ओलांडलेल्या कित्येक जणी तेव्हा पोरं कडेवर घेऊन तिथे गेलेल्या असतील. त्यांना जरूर विचारा, कारण पुस्तकात नाही ते त्यांच्याजवळ आहे. त्या विचारांची एक लहानशी पुस्तिकाही निघाली, 'चांदवडची शिदोरी' नावाची.

त्या अधिवेशनात जमिनीचा हक्क, दारू, मारहाण यांवर बोलणं झालं, आणि एक ठराव असा झाला की त्याने भल्याभल्यांची झोप उडाली. जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत महिला आघाडीने सगळ्या जागांवर बायाच उभ्या करायच्या. तेव्हा बायांसाठी राखीव जागा जवळपास नव्हत्याच. एखाद-दोन बाया नेमून घेत, त्याही बहुधा कोणाच्या तरी घरच्या. अशा काळात खेड्यातल्या शेतकरी बाया म्हणाल्या, आम्हीच कारभार हाती घेतो. गावच्या सत्तेत बाया आल्या तर दारू, दंडेली आणि पैसा यांच्यावर चालणाऱ्या राजकारणाला आळा बसेल, अशी त्यामागची भूमिका होती.

मग झालं काय? निवडणुकाच झाल्या नाहीत. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९७९ साली झाल्या होत्या, त्यानंतर झाल्या त्या थेट १९९२ साली. तेरा वर्षं. चांदवडहून घरी गेलेल्या बायांच्या हातात ठराव होता, पण मतपेटीच समोर आली नाही. हे जुनं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. २०२२ साली मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर, नाशिकच्याही, कित्येक वर्षं प्रशासकच होते. निवडून दिलेलं माणूस चुकलं तर निदान दारात जाऊन जाब विचारता येतो. निवडणूकच नसेल तर दार कोणाचं वाजवायचं? म्हणून वेळेवर निवडणूक मागणं हेसुद्धा राखणीचंच काम आहे.

मोठं दार बंद राहिलं तरी गावातलं लहान दार उघडं होतं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात १९८९ च्या सुमारास महिला आघाडीचं बायांचंच पॅनल उभं राहिलं आणि अख्खी ग्रामपंचायत बायांच्या हाती आली. त्यानंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला: ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावावर जमीन करतील, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. विटनेरच्या पुरुषांनी ते केलं. त्याच्याही आधी, १९६३ साली, पुणे जिल्ह्यातल्या निंबूत गावात सगळ्या बायांची ग्रामपंचायत होऊन गेली होती. महाराष्ट्रातल्या अशा पंचायतींवर पुढे १९९८ साली इंग्रजीत एक पुस्तक निघालं. त्याचं नावच होतं, 'आणि चपात्या कोण करणार?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बैठकीला निघताना उंबऱ्यात तो आपणही ऐकतो.

यानंतर कायदे भराभर आले. १९९० साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायांसाठी ३० टक्के जागा राखल्या. २४ एप्रिल १९९३ पासून राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ साली आपल्या राज्यात हे प्रमाण ५० टक्के झालं. चांदवडच्या बायांनी मागितलं होतं त्याचा निम्मा भाग कायद्याने पंचवीस वर्षांनी दिला, असं म्हणायला हरकत नाही.

इथे एक गंमत सांगायला हवी. ९ मार्च २०१० ला संसदेत आणि विधानसभांत बायांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक राज्यसभेत मताला आलं. बाजूने १८६ मतं पडली आणि विरोधात फक्त एक. ते एक मत शरद जोशींचं होतं! ज्यांनी चांदवडला लाखभर बाया जमवल्या, त्यांनीच विरोध केला. त्यांचा आक्षेप राखीव जागा दर वेळी फिरत्या ठेवण्याच्या पद्धतीला होता. आज इथे, उद्या तिथे अशी जागा फिरली तर निवडून आलेल्या बाईचे पाय तिथे रुजणार कसे, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्हाला त्यांचं मत पटत नाही. आरक्षण नसतं तर आमच्या भागातल्या कितीतरी सरपंच ताई आज चुलीपुढेच असत्या. पण यातून एक शिकायला मिळतं. बाया नेत्यापेक्षा वेगळा विचार करू शकतात, आणि नेत्याने वेगळी वाट धरली तरी त्यांचं काम थांबत नाही.

जोशींच्या शंकेतला खरा भाग मात्र आपण रोज बघतो. आरक्षणाने खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर कसं बसायचं हे आरक्षण शिकवत नाही. फलकावर नाव ताईचं, फोन उचलणार दादा. 'सरपंचपती' हा शब्द आता मराठीत इतका रुळला आहे की तो ऐकून कोणाला हसूही येत नाही. नातेवाइकांनी पंचायतीच्या कारभारात ढवळाढवळ करू नये असे सरकारी आदेश आहेत. पण तो आदेश वाचून दाखवणारं कोणी बैठकीत नसेल तर तो कपाटातच राहतो.

याहून मोठा धक्का आपल्याच जिल्ह्यात बसला. चांदवडच्या पुढे मालेगावच्या दिशेला, याच महामार्गावर, देवळा तालुक्यातलं उमराणे गाव आहे. २०२०-२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या वेळी तिथे सरपंचपदाची बोली लागली. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर. पैसा मंदिराच्या बांधकामाला द्यायचा होता. तसाच प्रकार नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी गावात झाला. बातम्या बाहेर आल्या, चौकशी झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने या दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली.

यात कोणी पैसा खिशात घातला असं आम्ही म्हणत नाही. तो देवळाला जाणार होता, गावचं भलं होईल असंच अनेकांना वाटलं असेल. आणि बिनविरोध निवडणूक म्हटलं की भांडण टळलं म्हणून आपल्याला बरंच वाटतं. पण अहिल्याबाईंची दौलत आणि खासगी इथे आठवा. सरपंचपद ही गावाची दौलत आहे. ती विकून जे बांधाल, ते देऊळ असो की शाळा, मतदाराच्या हातून मत काढून घेऊनच बांधलेलं असतं. आणि बोली लागते तिथे मजुरीला जाणारी बाई, वाडीवरची बाई, नवऱ्यामागे एकटीने घर चालवणारी बाई बोलणार किती? कोट्यवधीची बोली ती ऐकूही शकत नाही. तिची एकच पुंजी होती, तिचं मत. तेच बाजूला झालं.

म्हणजे अधिवेशन झालं, कायदे झाले, खुर्च्या मिळाल्या, तरी राखण उरलीच. ती कोणी कशी केली, त्याचाही महाराष्ट्रात धडा आहे.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. तिथून अण्णा हजारेंनी १९९१ साली भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन सुरू केलं. त्याची ताकद होती ती तालुक्यातालुक्यांतल्या समित्यांमध्ये. शिक्षक, शेतकरी, निवृत्त माणसं कागद गोळा करत, कार्यालयात जाऊन माहिती मागत. माहिती मिळायची नाही. 'तुम्ही कोण विचारणारे?' हे उत्तर मिळायचं. त्यातूनच माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली. महाराष्ट्राचा कायदा २००२ साली झाला आणि देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. आता दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या ताईला ते दहा रुपयेही लागत नाहीत. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलं: मी नागरिक.

याच इतिहासात दुसराही धडा आहे. अण्णांनी काही मंत्र्यांवर आरोप केले, तेव्हा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा चौकशी आयोग नेमला गेला. २००५ साली त्यांचा अहवाल आला. त्यात मंत्र्यांवर ठपका होता, पण अण्णांशी संबंधित न्यासाने वाढदिवसाच्या कार्यक्रमावर केलेल्या खर्चाबद्दलही ताशेरे होते. यावरून कोणाला मोठं किंवा लहान ठरवण्याचा आमचा हेतू नाही. एवढंच लक्षात घ्यायचं की दुसऱ्याचा हिशोब मागायला निघालेल्याची स्वतःची वही आधी उघडी हवी. आणि वही उघडी ठेवण्याची सवय कोणाला असेल तर ती आपल्याला आहे, मैत्रिणींनो.

आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब लेखन. ही आपण बँकेसाठी शिकलो. पण नीट बघितलं तर चांगल्या राजकारणाची तीच बाराखडी आहे. कर्ज कोणाला द्यायचं ते सगळ्यांसमोर ठरतं. अध्यक्षांच्या जावेलाही रांगेतच थांबावं लागतं. हप्ता थकला तर नाव घेऊन विचारलं जातं, आणि विचारणारीच दुसऱ्या दिवशी तिच्या घरी भाजी घेऊन जाते. ठरावीक काळाने पदाधिकारी बदलतात. आपल्या दहा-बारा जणींमध्ये जे चालतं, ते गावच्या तिजोरीसाठी का चालू नये?

तर हे मंडळ कसं असावं, यावर आमच्या बैठकांत जे ठरत आलंय ते सांगतो.

पहिलं, मंडळ गटापासून वेगळं ठेवायचं. गटात सगळ्या पक्षांच्या घरच्या बाया असतात आणि तिथे कर्जाचा व्यवहार असतो. राजकारणाचा वाद त्या वहीपर्यंत जाता कामा नये. म्हणून गटाचा पैसा नाही, शिक्का नाही, बैठकही वेगळ्या दिवशी. ज्या ताईला स्वतःहून यावंसं वाटेल तिने यावं, कोणावर सक्ती नाही.

दुसरं, सात ते अकरा जणी पुरेत, पण त्या एकाच गल्लीतल्या नकोत. गावठाणातली हवी, मळ्यातली हवी, वाडीवरची आदिवासी ताई हवी, बौद्धवाड्यातली हवी, बाहेरून मजुरीला येऊन इथेच राहिलेली हवी. ज्या वस्तीतली बाई मंडळात नाही, त्या वस्तीतला बंद नळ मंडळाला दिसणार नाही.

तिसरं, पक्षाचं पद असलेली व्यक्ती मंडळात नाही. मंडळातल्या एखादीला निवडणूक लढवायची असेल तर आनंदाने लढवावी, चांगल्या बाया उभ्या राहायलाच हव्यात. पण आधी मंडळ सोडावं आणि मग अर्ज भरावा. ती निवडून आली की मंडळाने तिलाही तेच प्रश्न विचारायचे जे इतरांना विचारतो. मैत्रीण आहे म्हणून एक प्रश्न कमी नाही.

चौथं, भेट घ्यायची नाही. मतासाठी भेट देणं आणि घेणं, कायद्याने दोन्ही लाचच आहे. पण ज्या गरीब घरात साडी येऊन पडली, त्या ताईला चारचौघीत लाजवायचं नाही. तिची गरज खरी असते. मंडळाने गावाला आधीच सांगायचं की आमच्या बैठकीत कोणाचं वाण येणार नाही. घरोघरी समजावायचं की वस्तू आली म्हणून मत बांधलं जात नाही, मतदान गुप्त असतं.

पाचवं, सगळ्या उमेदवारांना एकच बोलावणं. मारुतीच्या पारावर किंवा शाळेच्या आवारात, सर्वांसमोर. प्रश्न तेच: वर्षाचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवाल का? बाई निवडून आली तर सही आणि निर्णय तिचाच असेल का? महिला सभा भरवाल का? उत्तरं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायची आणि दर वर्षी काढून वाचायची. २००२ आणि २००३ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं. ते प्रतिज्ञापत्र मिळवून वाचायचं. अफवेवर एक शब्द बोलायचा नाही. जे कागदावर आहे तेवढंच.

आणि सहावं, निवडणूक झाली की मंडळ झोपायचं नाही. खरं काम तेव्हाच सुरू होतं. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात, आणि ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा व्हावी असं कायदा सांगतो. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. माणसं कमी पडली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला संख्येची अट नसते. मग चार माणसांत ठराव होऊन जातात. म्हणून पहिल्याच सभेला जायचं, शेजारणीला घेऊन जायचं आणि आपण मांडलेला विषय इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते बघूनच उठायचं. रोकडवही बघायला मागायची. वित्त आयोगाचा पैसा कुठे खर्च झाला ते ई-ग्रामस्वराजवर मोबाईलमध्ये दिसतं, आपल्या लेकी एका मिनिटात काढून देतील. काही अडलं तर माहितीचा अर्ज. तो दर वेळी वेगळ्या ताईच्या नावाने करायचा, म्हणजे रोष एकीवरच येणार नाही.

रोष येणार, हे आम्ही लपवत नाही. 'घरचं बघा आधी' असं ऐकावं लागेल. कोणाच्या नवऱ्याला पारावर टोमणे बसतील. कोणाला वाटेल, ज्यांच्या शेतात मजुरीला जायचं त्यांनाच प्रश्न कसा विचारायचा? ही भीती खोटी नाही. म्हणूनच हे काम एकटीने करायचं नाही. आमच्या एका गावात पाच ताईंनी पहिल्यांदा विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: अंगणवाडीच्या पाण्याच्या टाकीचं काम कागदावर पूर्ण आहे, टाकी कुठे आहे? आवाज चढवला नाही, कोणाचं नाव घेतलं नाही. कागद पुढे ठेवला आणि बसून राहिल्या. टाकी अजून यायची आहे. पण पुढच्या ग्रामसभेला त्या पाच जणींबरोबर एकवीस जणी होत्या, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हिशोबाचं पान न विचारता उघडलं.

अहिल्याबाईंच्या काळात चांगलं वागणं राज्यकर्त्याच्या मर्जीवर होतं. चांदवडच्या बाया म्हणाल्या, आम्हीच राज्य करू. त्यांच्यामुळे आणि त्यांच्यासारख्या अनेकींमुळे आज निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. आपल्या पिढीच्या वाट्याला उरलेलं काम दिसायला लहान आहे: जी कोणी खुर्चीवर बसेल, तिची वही उघडी ठेवणं. यासाठी लाखाचं अधिवेशन लागत नाही. सात जणी, एक कागद आणि ठरलेला वार पुरतो.

येत्या बैठकीत हिशोब झाला की दोन प्रश्नांवर जरूर बोला. आपल्या गावात मागच्या वर्षी ग्रामसभा किती झाल्या आणि त्यात आपण किती जणी होतो? आणि आपल्या वस्त्यांमधून मंडळात यायला तयार असलेल्या सात जणी कोण? नावं निघाली तर आम्हाला कळवा. आमच्याकडच्या ताई तुमच्या पहिल्या बैठकीला स्वखर्चाने येतील, चहा तेवढा तुमचा.